पाण्याखालची सफर : ठिकाण निवडण्यापूर्वी

परदेशी सहलीचे बेत आखताना आपल्याकडील कुटुंबे पूर्वी देवळे, वस्तुसंग्रहालये, बागा आणि बाजारपेठा यांचा विचार करीत. आता त्यात समुद्राच्या तळाची भर पडली आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून प्रवाळांच्या बागेत अर्धा-पाऊण तास विहरणे, हा अनुभव आज केवळ नौदलातील पाणबुड्यांपुरता किंवा धाडसी तरुणांपुरता उरलेला नाही. पन्नाशी ओलांडलेली जोडपीही मोठ्या हौसेने हे प्रशिक्षण घेताना दिसतात. मात्र ज्या चोखंदळपणे आपण घर, मुदतठेव किंवा विमा निवडतो, तो चोखंदळपणा स्कूबा डायव्हिंगचे ठिकाण निवडताना क्वचितच दिसतो. एखादे सुंदर छायाचित्र पाहिले, सवलतीचा दर दिसला आणि आगाऊ रक्कम भरली, असेच बहुधा घडते.

आमच्या बाबतीतही तसेच घडले होते. तारकर्लीच्या समुद्रात प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून मी व माझे पती मालदीवला गेलो. प्रमाणपत्रावरील शाई जेमतेम वाळली होती. पहिल्याच दिवशी आम्हांला दोन बेटांमधील खाडीसारख्या एका वाटेत उतरविण्यात आले. पाण्याला विलक्षण ओढ होती. छायाचित्रात पाहिलेले मासे समोर होते, पण माझे सारे लक्ष एका खडकाला धरून राहण्यात गुंतले होते. भीतीने श्वास जलद होत गेला आणि अवघ्या अठरा मिनिटांत सिलिंडरमधील दाब राखीव मर्यादेपर्यंत उतरला. मार्गदर्शकाने मला हात धरून सावकाश वर आणले. इजा काही झाली नाही. परंतु नौकेवर बसल्यावर किती तरी वेळ हातांचा कंप थांबेना. 'पुन्हा पाण्यात उतरणे नाही' असे मी पतींना सांगूनही टाकले.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क प्रशिक्षकाने आम्हांला बेटाच्या आतील बाजूच्या संथ, उथळ खारकच्छात नेले. तेथे एक कासव शांतपणे चरत होते. त्या चाळीस मिनिटांत माझी भीती ओसरली. पुढे विचार करता ध्यानात आले, की दोष समुद्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. आमची तयारी एका प्रकारची होती आणि आम्ही विकत घेतलेली सफर दुसऱ्याच प्रकारची. ही गफलत कशी टाळावी, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

पाण्याखालचे थोडे शास्त्र

ठिकाणाची निवड योग्य व्हावयाची असेल, तर दोन-तीन शास्त्रीय गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे. समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक वातावरणाइतका दाब असतो. समुद्रात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट आणि 30 मीटरवर चौपट होतो. 1943 साली फ्रान्समध्ये झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी विकसित केलेल्या उपकरणाचे महत्त्व हेच, की ते पाणबुड्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, मागेल तेव्हा पुरविते. आजचा रेग्युलेटर हा त्याच उपकरणाचा वारस आहे.

याचा पहिला परिणाम हवेच्या खर्चावर होतो. जे सिलिंडर पृष्ठभागावर तासभर पुरेल, तेच 20 मीटर खोलीवर सुमारे वीस मिनिटेच पुरते. त्यात प्रवाहाशी झुंजण्याचे श्रम किंवा भीती यांची भर पडली, की वेळ आणखी कमी होतो. दुसरा परिणाम वर येताना जाणवतो. दाब घटताच फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये, हा या विद्येचा पहिला नियम आहे. तिसरा परिणाम नत्रवायूचा. वाढत्या दाबाखाली हवेतील नत्रवायू शरीराच्या ऊतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुडा सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार संभवतात. याच कारणासाठी मिनिटाला सुमारे 9 मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि 5 मीटरच्या सुमारास तीन मिनिटे थांबावे, असा दंडक आहे.

या तिन्ही गोष्टींचा ठिकाणाशी थेट संबंध आहे. ज्या स्थळाचे सौंदर्य 30 मीटरवर आहे आणि जेथे पाण्याला ओढ आहे, ते स्थळ नवशिक्याच्या उपयोगाचे नाही, मग ते जगद्विख्यात का असेना.

प्रथम स्वतःस ओळखावे

ज्यांनी कधीही प्रशिक्षण घेतलेले नाही, त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी 'परिचय-बुडी' असते. त्यात प्रशिक्षक सतत सोबत राहतो आणि कमाल खोली 12 मीटर असते. सहलीतील एखाद्या सकाळीपुरते एवढे पुरेसे आहे. तेवढ्यासाठी केवळ डायव्हिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या दूरच्या बेटावर मोठा खर्च करून जाण्याचे कारण नाही.

खऱ्या अर्थाने पाणबुडा व्हावयाचे असेल, तर 'ओपन वॉटर' हा प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागतो. पॅडी, एसएसआय, नावी आदी आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे जगभर मान्य आहेत. अभ्यासक्रम साधारणतः तीन-चार दिवसांचा असतो. त्यात थोडे पोहणे, पाण्यावर दहा मिनिटे तरंगून राहणे, जलतरण तलावातील किंवा उथळ पाण्यातील सराव आणि समुद्रातील चार बुड्या यांचा समावेश होतो. या प्रमाणपत्राने 18 मीटरपर्यंत जाता येते. पुढील 'ॲडव्हान्स्ड' प्रमाणपत्राने 30 मीटरपर्यंत. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा 40 मीटर मानली जाते.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र संकोच नको. अभ्यासक्रमापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचे विकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची लेखी संमती आवश्यक ठरते. गरोदर स्त्रियांनी डायव्हिंग करू नये. पैसे भरून परदेशी पोहोचल्यावर केंद्राने नकार देऊ नये, म्हणून काही जण प्रश्नावलीत सरसकट 'नाही' लिहितात. हा व्यवहार फार महाग पडू शकतो. ही प्रश्नावली घरीच मागवून घ्यावी, आपल्या डॉक्टरांना दाखवावी आणि मगच तिकिटे काढावीत. साधी सर्दी असली, तरी कानातील दाब समतोल करता येत नाही. त्यामुळे वेळापत्रकात एखादा मोकळा दिवस राखून ठेवणे शहाणपणाचे.

ठिकाणाआधी महिना

बहुतेकांच्या रजा ठरलेल्या असतात : मे महिन्याची सुट्टी, दिवाळी किंवा नाताळ. तेव्हा 'कोठे जावे' या प्रश्नाआधी 'केव्हा जाणार' याचे उत्तर द्यावे. समुद्र आपल्या रजेसाठी शांत राहत नाही.

मे महिन्यात जाणाऱ्यांना इंडोनेशियातील बाली अनुकूल आहे, कारण तेथील कोरडा ऋतू साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो. थायलंडच्या आखातातील को ताओ आणि इजिप्तचा तांबडा समुद्र हेही त्या काळात चांगले. मालदीवमध्ये मात्र मेमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा प्रारंभ होतो. डायव्हिंग बंद होत नाही, पण पाऊस, लाटा आणि कमी दृश्यमानता यांची तयारी ठेवावी लागते.

दिवाळीच्या सुमारास तांबडा समुद्र उत्तम असतो. उन्हाळ्याची काहिली ओसरलेली असते आणि पाणी अद्याप उबदार असते. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान 15 ऑक्टोबरच्या सुमारास उघडते. पण त्याच देशाच्या पूर्वेकडील आखातात, म्हणजे को ताओ येथे, नोव्हेंबर हा मुसळधार पावसाचा महिना. एकाच देशाचे दोन किनारे असे परस्परांविरुद्ध वागतात. श्रीलंकेतही तोच प्रकार आहे. तेथील पश्चिम किनारा नोव्हेंबर ते एप्रिल, तर त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर या काळात अनुकूल असतो. तेव्हा 'थायलंडला जावे का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या महिन्यात, कोणत्या किनाऱ्यावर?' असे विचारले पाहिजे.

नाताळानंतर, विशेषतः जानेवारी ते एप्रिल, मालदीव आणि अंदमान समुद्रातील थाई बेटे यांचा उत्तम काळ असतो. त्याच वेळी तांबड्या समुद्रात पाण्याचे तापमान 21-22 अंशांपर्यंत उतरते आणि वारे बोचरे होतात. आपल्याला उबदार पाण्याची सवय असल्याने तेथे जाड पोशाखाची गरज भासते.

चार ठिकाणे, चार स्वभाव

*मालदीव.* भारतापासून जवळ, भारतीय नागरिकांना पोहोचल्यावर विनाशुल्क प्रवेश आणि वर्षभर 27 ते 30 अंश तापमानाचे पाणी, ही तेथील आकर्षणे. कंकणद्वीपांच्या या देशात मांटा रे आणि व्हेल शार्क यांसारखे मोठे जीव दिसतात. व्हेल शार्कसाठी दक्षिण आरी कंकणद्वीप वर्षभर प्रसिद्ध आहे. मात्र हे मोठे जीव बहुधा प्रवाह असतो तेथेच असतात, कारण प्रवाहच त्यांचे खाद्य, म्हणजे प्लवक, वाहून आणतो. म्हणून नवशिक्यांनी आधीच 'आमच्यासाठी संथ पाण्याची स्थळे आहेत काय?' असे लेखी विचारावे. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना 30 मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. बा कंकणद्वीपातील हानिफारू उपसागरात पावसाळ्यात मांटा मोठ्या संख्येने जमतात, पण तेथे सिलिंडरसह उतरण्यास मनाई आहे. केवळ पृष्ठभागावरून पोहत त्यांना पाहता येते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांचा हिरमोड होतो.

खर्चाच्या दृष्टीनेही येथे दोन जग आहेत. एका बाजूस आलिशान खासगी बेटे आणि दुसऱ्या बाजूस स्थानिक वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहे. दुसऱ्या प्रकारात खर्च बराच कमी होतो. मात्र तेथे मद्यबंदी असते आणि पेहरावाबाबत स्थानिक संकेत पाळावे लागतात. आणखी एक सूचना : सागरी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. आपले विमान सायंकाळी उतरत असेल, तर राजधानी माले येथे एका मुक्कामाचा खर्च वाढतो.

*थायलंड.* प्रथमच प्रशिक्षण घेणाऱ्यासाठी को ताओ हे ठिकाण जगभर विख्यात आहे. केंद्रांची संख्या मोठी असल्याने दर स्पर्धात्मक राहतात आणि उथळ, संथ स्थळे पुष्कळ आहेत. परंतु कमी दरामागे कधी मोठ्या तुकड्या असतात. 'एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी?' हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा. अनुभवी पाणबुड्यांनी सिमिलान आणि त्याच्या उत्तरेकडील रिशेल्यू खडक यांचा विचार करावा. तेथे बहुधा तीन-चार दिवस नौकेवरच मुक्काम करावा लागतो.

*बाली.* बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील तुलांबेन या गावी 'लिबर्टी' नावाच्या अमेरिकी मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने या जहाजावर पाणतीर सोडला. ते ओढून किनाऱ्यास लावण्यात आले आणि 1963 साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पुन्हा समुद्रात ढकलले. आज ते किनाऱ्यापासून काही पावलांवर, सुमारे 5 ते 30 मीटर खोलीत पसरले असून प्रवाळांनी व माशांनी गजबजलेले आहे. नौका लागत नसल्याने खर्च कमी आणि उथळ भागामुळे नवशिक्यालाही आनंद, असा हा दुर्मीळ योग आहे. फक्त किनाऱ्यावरील गोल, निसरड्या दगडांवरून जपून उतरावे. याउलट शेजारच्या नुसा पेनिडा बेटाजवळ जुलै ते ऑक्टोबरमध्ये महाकाय सूर्यमासा, म्हणजे मोला, पाहावयास मिळतो. परंतु तेथे खालून एकाएकी थंड पाणी वर येते आणि प्रवाहही प्रबळ असतात. एकाच बेटावर सोपे आणि कठीण, दोन्ही प्रकार नांदतात, म्हणून एका घरात एक अनुभवी व एक नवखा असल्यास बाली सोयीचे.

*तांबडा समुद्र.* येथील पाणी अतिशय स्वच्छ. क्षारता जगातील सरासरीहून अधिक असल्याने शरीर अधिक तरंगते आणि कमरेला नेहमीपेक्षा थोडे जास्त वजन बांधावे लागते. 1983 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेला रास मोहम्मद आणि 6 ऑक्टोबर 1941 रोजी जर्मन विमानांनी बुडविलेले 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज, ही तेथील मोठी आकर्षणे. त्या जहाजाच्या पोटात युद्धसामग्रीचे ट्रक आणि मोटारसायकली अद्याप दिसतात. जहाज सुमारे 30 मीटरवर असल्याने त्यासाठी 'ॲडव्हान्स्ड' प्रमाणपत्र आणि पुरेसा सराव हवा. पाण्यात न उतरणाऱ्या कुटुंबीयांसाठी इजिप्तचे पिरॅमिड आहेतच.

याखेरीज मलेशियाचे सिपादान, इंडोनेशियाचे राजा अंपात आणि ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ ही नावे वारंवार कानी पडतात. सिपादान बेटावर 2004 च्या अखेरीपासून मुक्काम करता येत नाही आणि दररोज मर्यादितच परवाने दिले जातात. ते हाती असल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नये. राजा अंपात हे ज्ञात प्रवाळजातींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जातींचे माहेरघर. मात्र प्रवास लांबचा व खर्चीक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशचा उपद्रव असतो आणि त्यासाठी अंगभर पोशाख वापरावा लागतो. ही ठिकाणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या सफरीसाठी राखून ठेवणे बरे.

केंद्राची पारख

ठिकाण ठरल्यावर केंद्र निवडावयाचे. आपण त्या केंद्राला पत्र पाठवून पुढील गोष्टी विचाराव्यात :

1. एका मार्गदर्शकामागे पाण्यात किती जण असतात?
2. नौकेवर शुद्ध प्राणवायूची नळी आणि प्रथमोपचाराची पेटी असते काय?
3. दाबोपचार कक्ष कोठे आहे आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो?
4. आमचा अनुभव इतक्या बुड्यांचा आहे. पहिल्या दिवशी आम्हांला कोठे न्याल?
5. पहिल्या बुडीपूर्वी उथळ पाण्यात सराव-बुडी देता काय?
6. दरात साधनांचे भाडे, नौकाभाडे, उद्यानशुल्क आणि कर समाविष्ट आहेत काय?
7. हवामान बिघडल्यास रक्कम परत मिळते, की दुसरा दिवस मिळतो?

या प्रश्नांना जे केंद्र सविस्तर आणि न कंटाळता उत्तर देते, त्यावर विश्वास टाकण्यास हरकत नाही. 'काही काळजी करू नका, सर्व ठीक होईल' एवढेच उत्तर आल्यास काळजी अवश्य करावी.

नौकेवर मुक्काम असेल तर सावधगिरी आणखी वाढवावी. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ एका डायव्हिंग नौकेला रात्री आग लागून 34 जण मृत्युमुखी पडले. रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत निष्पन्न झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये तांबड्या समुद्रात अशीच एक पर्यटक नौका उलटून जीवितहानी झाली. म्हणून नौकेवर पाऊल ठेवताच आपत्कालीन वाटा दोन आहेत का, जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत आणि रात्री जागता पहारा असतो का, हे पाहून घ्यावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब आणि विमा

जाहिरातीतील दर हा खर्चाचा एक भाग असतो. साधनांचे भाडे, देशांतर्गत विमान किंवा नौका, उद्यानशुल्क, स्थानिक कर, बक्षिसी हे सारे धरूनच तुलना करावी. त्यासाठी 'एका उपयोगी बुडीचा खर्च' ही कसोटी मला फार उपयुक्त वाटते. उदाहरणादाखल कल्पित आकडे घेऊ. एका ठिकाणचा एकूण खर्च 1,80,000 रुपये असून तेथील आठ बुड्यांपैकी चारच आपल्या पात्रतेच्या आहेत. दुसऱ्या ठिकाणचा खर्च 2,10,000 रुपये, पण आठही बुड्या आपल्याला झेपणाऱ्या आहेत. पहिल्या ठिकाणी एक उपयोगी बुडी 45,000 रुपयांना पडते, दुसऱ्या ठिकाणी 26,250 रुपयांना. वरवर स्वस्त दिसणारी सहल प्रत्यक्षात महाग ठरते ती अशी.

विम्याच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. सर्वसाधारण प्रवासविम्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. काही पत्रांत डायव्हिंग समाविष्ट असते, पण विशिष्ट खोलीपर्यंत आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षकासोबतच. दाबोपचार कक्षातील उपचार आणि दूरच्या बेटावरून रुग्णास हलविण्याचा खर्च हे दोन्ही अतिशय मोठे असतात. तेव्हा विमापत्रातील 'अपवाद' हे प्रकरण प्रथम वाचावे आणि या दोन खर्चांबाबत लेखी खुलासा घ्यावा. केवळ डायव्हिंगसाठीचा स्वतंत्र विमाही उपलब्ध असतो. आपल्या प्रमाणपत्राने मिळणाऱ्या मर्यादेपेक्षा खोल गेल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो, हेही विसरू नये.

परकीय चलनाविषयी थोडेसे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेचा आरंभ 2004 साली 25,000 डॉलरच्या मर्यादेने झाला. आज ही मर्यादा निवासी व्यक्तीस प्रत्येक आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर आहे. कौटुंबिक सहलीस ती पुरून उरते. त्यापैकी नोटांच्या रूपात सर्वसाधारणपणे एका प्रवासासाठी 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात. उर्वरित रक्कम प्रवासी चलन कार्डावर ठेवणे सुरक्षित. परदेशी सहलींच्या रकमेवर उगमस्थानी गोळा होणारा कर आकारला जातो. त्याचे दर व मर्यादा अंदाजपत्रकागणिक बदलत आल्याने पैसे भरण्यापूर्वी शाखेत चौकशी करावी. हा कर वाया जात नाही. आयकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. मात्र ती रक्कम काही महिने अडकून राहते, हे अंदाजपत्रकात धरावे. परदेशी दुकानात कार्ड वापरताना 'रुपयांत की स्थानिक चलनात?' असे विचारले गेल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय घेतल्यास रूपांतराचा दर बहुधा आपल्या तोट्याचा असतो.

परतीचे विमान

सर्वाधिक चुका सहलीच्या अखेरच्या दिवशी होतात. पैसे भरलेले असतात, एक सकाळ शिल्लक असते आणि मन मोहात पडते. परंतु प्रवासी विमानातील हवेचा दाब सुमारे 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका कमी असतो. शरीरात नत्रवायू शिल्लक असताना तेथे जाणे म्हणजे घाईने वर येण्यासारखेच. म्हणून एकाच बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, अशी मार्गदर्शक सूचना आहे. पूर्ण 24 तास ठेवले तर उत्तम. हाच नियम डोंगरालाही लागू पडतो. तुलांबेनहून त्याच दिवशी किंतामणीच्या उंचीवर जाणाऱ्यांनी आणि तारकर्लीला बुड्या घेऊन त्याच सायंकाळी आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. तेव्हा तिकिटे काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. बाजारहाट, देवदर्शन आणि बांधाबांध यांसाठी तो उपयोगी पडतोच.

आरंभ घरच्या समुद्रात

परदेशी जाण्यापूर्वी आपल्याच किनाऱ्यावर आरंभ करणे मला सर्वांत हिताचे वाटते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेट, पुदुच्चेरी, लक्षद्वीप आणि अंदमानातील स्वराज द्वीप येथेही प्रशिक्षणाच्या सोयी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात समुद्र बंद असतो, एवढे पाहावे. आपल्या भाषेत शिकविणारा प्रशिक्षक मिळाला, तर भीती व शंका मोकळेपणाने सांगता येतात. प्रकृतीला हे मानवते की नाही, हेही थोड्या खर्चात कळते. शिवाय अभ्यासक्रमाचे दिवस येथेच संपविल्यास परदेशातील महागडे दिवस केवळ आनंदासाठी उरतात.

शेवटी, ज्या प्रवाळांसाठी आपण एवढे दूर जातो, त्यांच्याविषयी. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, की प्रवाळ आपल्या अंगातील रंगीत शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल 2024 मध्ये जागतिक पातळीवरील चौथ्या प्रवाळविरंजनाची घोषणा झाली आणि आपले लक्षद्वीपही त्यातून सुटले नाही. म्हणून एखाद्या ठिकाणाची दहा वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहून जाऊ नये. 'आज तेथील प्रवाळांची स्थिती कशी आहे?' असे केंद्रालाच विचारावे. तेथे गेल्यावर कशालाही स्पर्श करू नये, काही उचलून आणू नये. थायलंडने 2021 पासून सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळांना अपायकारक रसायने असलेल्या उन्हापासूनच्या मलमांवर बंदी घातली आहे. इतरत्र बंदी नसली तरी अंगभर पोशाख वापरून ती टाळता येतात.

आमच्या त्या पहिल्या सफरीनंतर आम्ही पुन्हा गेलो, या वेळी तुलांबेनला, मे महिन्यात, संथ पाण्यात, लहान तुकडीबरोबर. जहाजाच्या काळ्या सांगाड्याभोवती माशांचा थवा हळूहळू वळत होता. मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहिले. पंचेचाळीस मिनिटे झाली होती आणि हवा अजून पुरेशी होती. श्वास संथ चालला होता. मागच्या खेपेला मासे याहून मोठे होते, पाणी याहून निळे होते, आणि तरीही मला ते दिसले नव्हते.

आपली सफरही आपल्याला दिसावी, ही शुभेच्छा. आधी प्रकृती, मग महिना, मग आपल्या तयारीला शोभेल असा समुद्र आणि सर्वांत शेवटी दर, हा क्रम पाळला, तर त्या निळ्या पाण्यातून आपण आनंदाने आणि सुखरूप परत याल.